उतारावर ग्राउंड ग्रिड बसवताना: जाळीखालचं पाणी जातं कुठे?

इंदूरच्या काळ्या मातीत बाग करणाऱ्याला तिचे दोन्ही अवतार ठाऊक असतात. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की बोटं घातली तर मनगट आत जातं, आणि जुलैत तीच माती इतकी चिकटते की पाय उचलला तरी चप्पल जागची हलत नाही. सपाट अंगणात माणूस हे निभावून नेतो. उतारावर ते निभत नाही. रस्ते दरवेळी थोडे उंच होतात म्हणून नव्या घरांची जोती तीन-चार फूट उचलून घेतात, फाटकापासून ओट्यापर्यंत भराव टाकतात आणि मग त्या भरावावर बाग करायची असते. राऊ, महू, सिमरोलच्या बाजूला ज्यांनी प्लॉट घेतले, त्यांच्याकडे तर विंध्याचा उतार आयताच आलेला आहे. दोन जोरदार सरी झाल्या की माती खाली, मुळं उघडी आणि वाटेवरची गिट्टी फाटकाच्या रुळात.

अशा जागेसाठी हल्ली ग्राउंड ग्रिड सुचवतात. प्लास्टिकची चौकोनी किंवा षटकोनी कप्प्यांची जाळी जमिनीवर अंथरायची, कप्प्यांत गिट्टी किंवा माती भरायची, हवं तर वर गवत लावायचं. कप्प्यांना तळ नसतो, त्यामुळे पाणी आरपार जातं. वस्तू चांगली आहे आणि नीट बसवली तर वर्षानुवर्षं टिकते. पण ती विकताना जे सांगतात ते अर्धंच असतं. जाळीतून पाणी आत जातं हे खरं. आत गेलेलं पाणी पुढे कुठे जातं, हा प्रश्न सपाट जागेत फारसा छळत नाही, उतारावर मात्र सगळं काम त्याच्यावरच उभं असतं. म्हणून हा लेख जाळीबद्दल कमी आणि जाळीच्या खाली काय असावं याबद्दल जास्त आहे.

आधी जाळीची ओळख. बाजारात तिचे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक म्हणजे कडक तुकड्यांचा ग्रिड. साधारण अर्धा मीटर लांबी-रुंदीच्या आणि तीन ते पाच सेंटीमीटर जाडीच्या फरश्या, एकमेकींत खाचांनी अडकणाऱ्या. पार्किंग, पायवाट, सौम्य ढाळाची जागा यासाठी हा उत्तम. दुसरा प्रकार जिओसेलचा. जाड प्लास्टिकच्या पट्ट्या ठरावीक अंतरावर जोडलेल्या असतात, घडी मिटलेली येते, दोन्ही टोकांनी ओढली की कप्पे उघडतात. उंची पाच सेंटीमीटरपासून वीस सेंटीमीटरपर्यंत. मऊ जमिनीवर आणि वाळूवर झटपट रस्ते करता यावेत म्हणून अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी 1970 च्या दशकात यावर काम केलं, आणि नंतर तीच गोष्ट नदीचे काठ, रेल्वेचे भराव, रस्त्यांचे उतार यांच्यासाठी वापरात आली. जिओसेल जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे वळतो. कडक फरशी वळत नाही. म्हणून जिथे उतार मध्येच फुगलेला किंवा खोलगट आहे तिथे फरश्या बसवण्याचा हट्ट करू नये. त्यांच्याखाली पोकळी राहते, पाय पडला की खाच तुटते, आणि एक खाच तुटली की शेजारच्या चार फरश्या सैल होतात.

उतार किती आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. डोळा उतार नेहमी कमी-जास्त दाखवतो, वरून पाहिलं तर एक आणि खालून पाहिलं तर दुसरा. मिस्त्रीकडे पारदर्शक नळीची पाणसळ असतेच. नळीचं एक टोक उताराच्या माथ्यावर धरायचं, दुसरं पायथ्याशी उभ्या केलेल्या काठीला लावायचं. माथ्याकडच्या टोकातलं पाणी बरोबर जमिनीच्या पातळीला आलं की पायथ्याकडच्या पाण्याच्या पातळीला काठीवर खूण करायची. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतची उंची भागिले आडवं अंतर, गुणिले शंभर, हा तुमचा टक्केवारीतला उतार. पाच मीटर अंतरात पंचवीस सेंटीमीटर उंची असेल तर पाच टक्के. पाच मीटरमध्ये अर्धा मीटर असेल तर दहा टक्के. तीन मीटरला एक मीटर, म्हणजे एकास तीन, हा सुमारे तेहतीस टक्के, आणि कोनात मोजला तर जेमतेम साडेअठरा अंश. आकडा लहान वाटतो, पण एकास तीनच्या उतारावर हातात घमेलं घेऊन चढून पाहा.

माझं मत असं, की पाच टक्क्यांपर्यंत गिट्टी भरलेल्या कडक फरश्या निर्धास्त घालाव्यात. पाच ते दहाच्या दरम्यान घालता येतात, पण जाळी धरणारे खिळे, पायथ्याची पाळ म्हणजे खालची कड अडवणारी बांधीव ओळ, आणि जाळीखालच्या गिट्टीतले आडवे अडसर हे तिन्ही हवेत, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. दहाच्या पुढे पायवाट करायची असेल तर उतारावर जाळी घालण्यापेक्षा उताराचे टप्पे पाडावेत आणि प्रत्येक टप्प्यावर सपाट ग्रिड घालावा. टप्प्यांचं काम जास्त आहे, पण चालणाऱ्याला, विशेषतः घरातल्या आजी-आजोबांना, तेच सोयीचं. त्याहून तीव्र आणि फक्त हिरवळ हवी असलेल्या उताराला जिओसेल.

आता वजनाचा हिशेब पाहू, कारण तो कळला की खिळे-पाळ कशासाठी हे आपोआप कळतं. एका चौरस मीटरवर दहा सेंटीमीटर जाडीची गिट्टी घातली तर तिचं वजन सुमारे एकशेसाठ किलो होतं. सपाट जागेत हे सगळं वजन सरळ खाली दाबतं. एकास तीनच्या उतारावर त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा, म्हणजे पन्नासेक किलो, उताराच्या दिशेने खाली ओढत राहतो. चार मीटर लांबीच्या उतारावर एका मीटर रुंदीच्या पट्ट्यात ही ओढ दोनशे किलोंच्या घरात जाते. कोरड्या दिवसांत जमिनीचं घर्षण ती पेलतं. पाऊस पडला की गिट्टीखालचा मातीचा थर भिजून निसरडा होतो, घर्षण घटतं, ओढ मात्र तेवढीच राहते. जाळी घसरते ती नेमकी तेव्हा. म्हणून उतारावरची जाळी उन्हाळ्यात दोन महिने घट्ट बसलेली दिसली यावरून काहीच सिद्ध होत नाही.

राजेंद्र नगरात एका ओळखीच्यांकडे मी हे फार जवळून पाहिलं. फाटकापासून ओट्यापर्यंत सुंदर पांढऱ्या गिट्टीची वाट, कडक फरश्यांवर. पहिल्या पावसाळ्यात पायथ्यापासून फूटभर वर फरश्या किंचित फुगल्या. वरून काही कळत नव्हतं, पण त्या जागी पाय दाबला की कप्प्यांतून काळं पाणी पिचकारीसारखं वर यायचं. फरशी उचलली तर खालची गिट्टी चिखलात पुरती रुतलेली. गिट्टी आणि माती वेगळी ठेवणारं जिओटेक्स्टाइल कापड घातलेलंच नव्हतं, आणि वरच्या सगळ्या वाटेचं पाणी गिट्टीच्या थरातून आतल्या आत घसरत खाली येऊन तिथे साचलं होतं, कारण पायथ्याशी सिमेंटची घट्ट पाळ होती आणि तिला एकही भोक नव्हतं. जाळीत काहीच खोट नव्हती. पाण्याला वाट दिली नव्हती, एवढंच.

हेच या कामाचं मर्म आहे, म्हणून इथे जरा थांबतो. जाळीखाली गिट्टीचा थर असतो, त्याला आपण पाया म्हणू. एकाच मापाच्या, चुरी नसलेल्या गिट्टीत दगडांमधली रिकामी जागा पस्तीस ते चाळीस टक्के असते. म्हणजे पंधरा सेंटीमीटरचा पाया सपाट जागेत साठ मिलिमीटरपर्यंत पाऊस पोटात घेऊ शकतो. इंदूरच्या बहुतेक सरींना हे पुरेसं आहे. पण हाच पाया पाच टक्के उतारावर घातला तर पाणी त्यात थांबत नाही. ते वरून आत शिरतं, खालच्या मातीला लागतं आणि वळून उताराने खाली पळतं. जमिनीवरचा ओहोळ आता जमिनीखाली गेला, एवढाच फरक. आणि जमिनीखालचा ओहोळ दिसत नसल्यामुळे जास्त नुकसान करतो, पायाखालची बारीक माती वाहून नेतो.

त्यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. पायाच्या आतच, उताराला आडवे, अडसर घालायचे. पायाच्या उंचीएवढी विटांची एक ओळ, काळ्या दगडांची ओळ किंवा जाड प्लास्टिक कापडाची उभी पट्टी, काहीही चालतं. अडसर किती अंतरावर हवेत याचं गणित पाणसळीचंच आहे. पाणी अडसराच्या माथ्यापर्यंत चढलं की त्याची पातळी मागे आडवी पसरते. पाया पंधरा सेंटीमीटर आणि उतार पाच टक्के असेल तर ती पातळी बरोबर तीन मीटर मागे जाऊन जमिनीला भिडते. म्हणून तीन मीटरपेक्षा लांब अंतर ठेवलं तर मधला भाग कोरडाच राहणार. तीन मीटरवर अडसर दिले तर पायाची निम्मी साठवण वापरात येते, दीड मीटरवर दिले तर पाऊण. उतार दहा टक्के झाला की हे तीन मीटर दीडवर येतात. प्रत्येक अडसराच्या तळाशी बोटभर रुंदीची एक-दोन भोकं ठेवावीत, म्हणजे पाणी थबकत-थबकत खाली उतरतं, अडून बसत नाही. शेतात बांधबंदिस्ती करणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण काळ्या मातीत एक पेच आणखी आहे. मुंबई-पुण्याकडच्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं की पाणी जागच्या जागी मुरू द्या. आपल्याकडे उतारावर ते जसंच्या तसं करू नये. माळव्याची माती दक्षिणेच्या पठाराच्या काळ्या खडकापासून झालेली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर. त्याच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते, पाणी गेलं की आकसते. भेगा पडलेल्या असताना पहिल्या पावसाचं पाणी ती भराभर गिळते. मग भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग अगदी नगण्य होतो. तेव्हा उतारावर अडवलेलं पाणी आठ-आठ दिवस तिथेच राहतं, माती मऊ करतं. शिवाय जोत्याला लागून मातीत ओल कमी-जास्त झाली की घराच्या पायाखालची माती वर-खाली होते आणि भिंतींना तडे जातात.

म्हणून काळ्या मातीवर माझा सल्ला असा. वरची वीस ते तीस सेंटीमीटर काळी माती काढून बाजूला ठेवा, वाफ्यांसाठी ती सोनं आहे. तिच्या जागी मुरूम घाला, दहा-दहा सेंटीमीटरच्या थरांनी, पाणी शिंपडून, धुम्मसाने किंवा भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने दाबत. मुरूम फुगत नाही, आणि नीट दाबला की खालच्या काळ्या मातीला ओलीचे झटके कमी बसतात. मुरुमाला घराकडून बाहेरच्या बाजूला ढाळ द्या. त्यावर कापड, त्यावर गिट्टीचा पाया, त्यावर जाळी. पाणी उतारावर हळू करा पण मुरवू नका. मुरवायचं ते खाली, पायथ्याच्या सपाट भागात, घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब. रस्त्याचे अभियंते काळ्या मातीत चुना मिसळून तिचं फुगणं कमी करतात, ते शास्त्र पक्कं आहे. पण बागेत चुन्याने मातीचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि गवत पिवळं पडतं, तेव्हा इथे मुरूमच बरा.

पायथ्याला एक आडवा चर काढा, फूटभर रुंद, दीड फूट खोल. त्यात कापड अंथरून छिद्रं पाडलेला चार इंची पाईप ठेवा, छिद्रं खाली करून. भोवती वीस मिलिमीटरची गिट्टी भरा आणि कापड वरून मिटवा. पाईपला शंभर सेंटीमीटरला एक सेंटीमीटर एवढा ढाळ पुरतो. तो शोषखड्ड्यात सोडा किंवा बागेतल्या एखाद्या खोलगट वाफ्यात, जिथे कर्दळ, अळू, केळ आनंदाने वाढेल.

या सगळ्याच्या आधी मात्र छताकडे बघा. शंभर चौरस मीटरच्या छतावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला की पाच हजार लिटर पाणी होतं. वीस चौरस मीटरच्या उतारावर त्याच पावसाचं फक्त एक हजार लिटर. छताचा पाईप जर उताराच्या माथ्यावर सोडलेला असेल तर जाळी स्वतःच्या वाट्याच्या सहापट पाण्याशी झुंजते. तो पाईप आधी वळवा. इंदुरात वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो समान वाटून पडत नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये एकाच दिवसात अडीचशे मिलिमीटरहून अधिक कोसळला होता. अशा दिवसासाठी पाणी साठवता येत नाही, त्याला फक्त सुरक्षित वाट ठेवता येते. आणि ज्या शहराला 1978 पासून नर्मदेचं पाणी पंपांनी घाट चढवून आणावं लागतं, तिथे छतावरचं पाणी कान्ह नदीमार्गे क्षिप्रेला आणि पुढे चंबळेला आंदण देण्याआधी थोडं आपल्या जमिनीत उतरवावं, हे मला मनापासून वाटतं.

कापडाबद्दल थोडं. हे जिओटेक्स्टाइल न विणलेलं, दाबून केलेलं, नमद्यासारखं दिसणारं असावं. चौरस मीटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाचं घरच्या बागेला चालतं. पाणी त्यातून जातं, माती जात नाही. काही जण त्याऐवजी ताडपत्री किंवा तण रोखायचं चकचकीत प्लास्टिक घालतात. उतारावर ते घातलं की त्याच्यावरून सगळा थर घसरतो. दोन पट्टे जोडताना निदान एक फूट एकमेकांवर यावेत, आणि कौलं बसवतात तसे, म्हणजे वरच्या अंगाचा पट्टा खालच्या पट्ट्यावर. उलटं झालं तर पाणी जोडातून कापडाखाली शिरतं.

उंचसखल जागेत खड्डे बुजवण्यासाठी सैल माती कधीही वापरू नका. ती पहिल्या पावसात बसते आणि जाळीखाली पोकळी तयार होते. उंचवटे कुदळीने उतरवा, खड्डे मुरुमाने भरून दाबा. त्यावर दोन मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सगळ्या दिशांनी फिरवून पाहा, पट्टीखाली एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर अजून काम बाकी आहे. गिट्टीच्या पायावर शेवटी दोन-तीन सेंटीमीटर बारीक गिट्टीचा थर द्या, सहा-दहा मिलिमीटरची. चुरी टाळा, ती पावसाने खाली उतरून कापड बुजवते. झाडाच्या मुळांजवळ मात्र सपाट करण्यासाठी खणू नका. कडुनिंब किंवा आंब्याचं मूळ आडवं आलं असेल तर जाळी तिथे कापून वळवा, करवतीने किंवा ग्राइंडरने ती सहज कापली जाते.

पायाची जाडी वापरावर ठरते. नुसतं चालायचं असेल तर आठ-दहा सेंटीमीटर, मोटार चढवायची असेल तर वीस सेंटीमीटर, आणि काळी माती काढलेली नसेल तर त्याहून जास्त. मोटार उतारावर चढवताना चाकं जाळीला मागे ढकलतात आणि ब्रेक लावताना पुढे. त्यामुळे गाडीच्या उतारावर पायथ्याची पाळ भक्कम हवी. काळा दगड आपल्याकडे भरपूर मिळतो, त्याची पाळ निम्मी जमिनीत गाडा आणि जमिनीच्या पातळीला दर मीटरवर एक भोक ठेवा.

कडक फरश्या बसवताना सुरुवात पायथ्याकडून करा. पहिली ओळ पाळीला टेकवून, दोरी आणि गुण्या (मिस्त्रीचा काटकोन) लावून सरळ घ्या. पहिली ओळ तिरकी गेली तर वर जाईपर्यंत दोन्ही कडांना पाचर तयार होते. जिओसेलचं उलटं. त्याच्यासाठी माथ्यावर फूटभर खोल चर काढून वरचं टोक त्यात गाडायचं, आणि मग खाली ओढत कप्पे पूर्ण उघडायचे. अर्धवट उघडलेले कप्पे भरताना मिटतात. खिळे म्हणून दहा-बारा मिलिमीटरची लोखंडी सळई वरच्या टोकाला वाकवून वापरतात. लांबी जाळीच्या उंचीच्या तिपटीहून कमी नसावी, पण काळ्या मातीत मी दोन फुटांच्या खाली जाणार नाही. उन्हाळ्यात भेगा पडल्या की आखूड सळई वरवरच्या मातीबरोबर सैल होते. म्हणूनच आपल्याकडे सगळा भरवसा खिळ्यांवर ठेवू नये. वरचा चर आणि खालची पाळ यांनी मुख्य भार घ्यायचा, खिळ्यांनी जाळी जागेवर धरायची.

हे प्लास्टिक उन्हाने वाढतं, याचीही सोय ठेवावी लागते. दहा मीटरची मोकळी पट्टी तीस अंशांच्या फरकाने चार-पाच सेंटीमीटर लांब होऊ शकते. डिसेंबरच्या सकाळी भिंतीला घट्ट टेकवलेली जाळी मे महिन्यात मधूनच उचलली जाते. भिंत, ओटा, फाटकाचा खांब यांच्यापाशी तीन-चार सेंटीमीटर फट सोडा आणि तीत गिट्टी भरा.

कप्पे भरताना कोनदार गिट्टी घ्या, दहा ते वीस मिलिमीटरची. नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला छान, पण ते एकमेकांत अडकत नाहीत आणि उतारावरून निसटतात. गिट्टी जाळीच्या वर फार तर अर्धा सेंटीमीटर असावी. त्याहून जास्त टाकली तर वरची गिट्टी कप्प्याबाहेर राहते आणि फाटकाकडे निघते. जिओसेल भरताना माथ्याकडून खाली या, आणि गिट्टी उंचावरून ओतू नका, घमेलं कप्प्यांजवळ आणून रिकामं करा.

गवत हवं असेल तर नुसती काळी माती कप्प्यात भरू नका. उन्हाळ्यात ती आकसून कप्प्याच्या भिंतीपासून सुटते. एक भाग काळी माती, दोन भाग भरड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, हे मिश्रण मला पसंत आहे. ते जाळीच्या कडेपेक्षा बोटाच्या पेराएवढं खाली ठेवा, म्हणजे गवताचा कोंब पायाखाली चिरडत नाही. आपली देशी हरळी उतारावर विकतच्या कोणत्याही लॉनपेक्षा चिवट असते. जिथे उतार तीव्र आहे तिथे अडसरांच्या रेषेवर वाळा लावा. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि काळ्या मातीतही जातात. गवताला मूळ धरेपर्यंत पावसाने कप्प्यांतली माती धुपते, म्हणून पहिल्या पावसाळ्यापुरती वरून काथ्याची जाळी खिळ्यांनी बसवा. ती नंतर आपोआप कुजून जाते.

कामाला मुहूर्त दिवाळीनंतरचा. तेव्हा माती ना चिखल असते ना भेगाळलेली, दाबली की नीट बसते. मे महिन्यात भेगांवर पाया घातला तर जुलैत माती फुगून तो वर उचलते. गवत मात्र जूनच्या शेवटी, पहिल्या चांगल्या सरीनंतर लावा, थंडीत हरळी वाढत नाही.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. उताराच्या माथ्यावर, उताराला आडवी, वळणदार भेग दिसत असेल, पायथ्याशी माती फुगून आली असेल किंवा उतारावरची झाडं आणि कुंपणाचे खांब खालच्या बाजूला कलले असतील, तर सबंध भराव सरकतो आहे. जाळी फक्त वरचा थर धरते, खोलवर सरकणारा भराव तिच्याने थांबत नाही. तिथे आधारभिंत लागते आणि ती स्थापत्य अभियंत्यानेच ठरवावी. दोन मीटरपेक्षा उंच भराव असेल तर भेग नसली तरी विचारून घ्या.

पहिल्या पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर एक फेरी मारा. पायथ्याच्या भोकांतून पाणी येतंय का, ते स्वच्छ आहे की गढूळ, हे बघा. सुरुवातीचे एक-दोन पाऊस गढूळ आलं तर गिट्टीची धूळ आहे. पुढेही काळंच येत राहिलं तर कुठेतरी कापड उघडं पडलं आहे, तिथली दोन फरश्यांची ओळ उचलून पाहा. खाली एक सेंटीमीटरभर पोकळी असेल तर बारीक गिट्टीने भरून घ्या. ऑक्टोबरात सगळे खिळे हातोडीने एकदा ठोकून घ्या, कप्प्यांतली खाली बसलेली गिट्टी पुन्हा भरा, आणि पायथ्याच्या पाईपचं तोंड साफ करा. बेडकांना ते फार आवडतं, तेव्हा तोंडाला बारीक जाळी लावलेली बरी.